खिशातली जुनी चिठ्ठी

आईचा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी घरात घाबरलेली मी एकटीच होते.

रिपोर्ट तिच्या फोनवर आला. लिंक दाबली, उघडला, मी वाचला आणि बाबांना वाचून दाखवला. गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दहा दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नव्हतं. बाबांनी तशीच मोटरसायकल काढली आणि शेलूबाजारहून पेढ्यांचा डबा घेऊन आले. आईने डबा देवापुढे ठेवला आणि त्या दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझीच बोटं गार पडली होती. कारण दोन दिवसांपूर्वी मी दुसरा एक कागद वाचला होता. त्यावरही उजव्या बाजूचीच गाठ होती, आणि ती साधी नव्हती.

हे कळायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. गावात माझ्या कामाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे मी दिवसभर कॉम्प्युटरवर सिनेमे बघते. दुसरं म्हणजे मला पुण्यातून काढून टाकलं आणि मी ते लपवते आहे. खरं एवढंच की कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि मी आले. धान्याच्या कोठीशेजारच्या खोलीत माझं टेबल आहे, वीज गेली तर चालावं म्हणून दोन बॅटऱ्या आहेत, आणि हरभऱ्याच्या पोत्यांचा वास कायम नाकात असतो.

आम्ही हायपरवायझर बनवतो. हा एक प्रोग्राम असतो. तो एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक छोटी मशीनं चालवतो, आणि त्या प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच आहोत, सगळी मेमरी आपलीच आहे. मेमरीची पानं असतात. एका पानात चार हजार शहाण्णव अक्षरं मावतात. आतल्या मशीनला वाटतं आपण सात नंबरच्या पानावर लिहितो आहोत. प्रत्यक्षात ते पान भलतीकडेच कुठे तरी असतं. कोणाचं कुठलं पान खरं कुठे आहे, याची एक वही असते. तिला पेज टेबल म्हणतात. आतल्या मशीनची स्वतःची एक वही, आणि तिच्यावर आमची दुसरी. ही दुसरी वही सांभाळणारं कोड मी लिहिते. म्हणून बाबा मला पटवारीन म्हणतात. कोणाचं वावर कुठे सरकलं याचा हिशेब ठेवणारी.

दर वेळी वही उघडायला वेळ लागतो. त्यामुळे प्रोसेसरचा प्रत्येक कोअर, म्हणजे आत राबणारा एकेक गडी म्हणा, नेहमीची पानं एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवतो. पुढच्या वेळी वही बघायची नाही, चिठ्ठी बघायची. काम झपाझप होतं. भानगड होते ती पान एकाकडून काढून दुसऱ्याला देताना. वहीत मी बदल केला तरी खिशातल्या चिठ्ठ्या जुन्याच असतात. म्हणून प्रत्येक गड्याला निरोप धाडायचा की चिठ्ठी फाड, आणि प्रत्येकाकडून ‘फाडली’ असं उत्तर येईपर्यंत ते पान कोणालाही द्यायचं नाही. एकाने जरी जुनी चिठ्ठी ठेवली तरी तो सरळ परक्याच्या घरात शिरतो, तिथलं वाचतो, तिथे लिहितो. त्याला चोर म्हणता येत नाही, कारण त्याला ते घर आपलंच वाटत असतं.

वर्षभरापूर्वी मी यात एक सुधारणा केली होती. काही कोअर झोपलेले असतात, त्यांच्याकडे त्या वेळी काम नसतं. झोपलेल्याला उठवून ‘चिठ्ठी फाड’ म्हणायचं आणि उत्तराची वाट बघायची, यात वेळ जायचा. मी असं लिहिलं की झोपलेल्याला उठवू नये, त्याच्या उशाशी निरोप ठेवावा, उठल्यावर त्याने आधी निरोप बघावा आणि चिठ्ठी फाडावी. सगळं बरंच वेगाने चालायला लागलं. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि मी आठवडाभर हवेत होते. स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास. हा माझा जुना रोग आहे.

आईचा रिपोर्ट यायच्या दोन दिवस आधी साहेबांचा फोन आला. एका ग्राहकाचं मशीन बंद पडलं होतं, आणि त्याच्या मेमरीत त्याचा नसलेला मजकूर सापडला होता. मेमरीचा तो सगळा तुकडा माझ्याकडे तपासायला आला. असा मजकूर आम्ही वाचू नये, पण तो कुठून आला हे शोधायला बघावा लागतो. आकड्यांच्या रांगांमधून खाली जाताना मध्येच सरळ वाचता येणारं एक पान लागलं. लॅबचा रिपोर्ट. वरचा भाग कापला गेलेला, त्यामुळे नाव नाही, वय नाही. उजव्या बाजूच्या स्तनातली गाठ, काढलेला तुकडा, आणि शेवटी तो एक शब्द. कॅन्सर.

मी लॅपटॉप बंद केला. बाहेर आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या उजव्या बाजूच्या गाठीचा तुकडा अकोल्याच्या लॅबमध्ये होता आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत होतो. त्या लॅबचे रिपोर्ट ज्या लिंकवरून येतात तिच्यावर एका कंपनीचं नाव असतं. ते नाव मी आमच्या ग्राहकांच्या यादीत वाचलेलं होतं. बिघडलेल्या मशीनशेजारी, त्याच मोठ्या मशीनच्या पोटात, या लिंकवाल्या कंपनीची दोन मशीनं चालू होती.

आईचा अख्खा रिपोर्ट एका पानात मावतो, एवढंच मला सुचत होतं.

म्हणून दोन दिवसांनी चांगला रिपोर्ट आला तेव्हा मला आनंद करता येईना. हा कागद हिचाच आहे कशावरून? लॅबने खरं लिहिलं असेल. पण पान फोनवर येईपर्यंत कुठल्या तरी गड्याने जुनी चिठ्ठी बघून दुसरीचं पान उचललं असलं तर? असं व्हायची शक्यता किती, हे मी मनाशी मांडून पाहिलं. फारच कमी. पण एकदा तसं झालेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं. रात्रभर मी आईच्या श्वासाकडे कान लावून पडले होते.

साहेबांचं म्हणणं वेगळं पडलं. मशीनची मेमरीच खराब असणार, मेमरीची पट्टी अशी कधी तरी दगा देते. ती बदलून टाकली आणि विषय संपल्यात जमा झाला. माझ्या कोडकडे कोणी बघितलंच नाही. मी मात्र बघत होते. प्रत्येक ओळ वाचली, पुन्हा वाचली, चाचण्या चालवल्या. काही सापडेना. चूक नाहीच असं वाटून जीव भांड्यात पडायचा, आणि मग ते अर्धं पान आठवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची मोटर सुरू होईना. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे दिवसाची वीज होती. डीपीवरची, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातली, एक तार जळाली होती. मी बाबांबरोबर वावरात गेले, कारण घरात आई गुणगुणत पुरण वाटत होती आणि मला ते ऐकवत नव्हतं.

आमच्या डीपीवर चार शेतकऱ्यांच्या मोटरी आहेत. तीन फेजच्या तीन ग्रिप असतात, चिनी मातीच्या, फ्यूजच्या. त्या उपसल्या की लाइन बंद. आमच्याकडची रीत अशी की लाइनला हात लावण्याआधी प्रत्येकाने एकेक ग्रिप काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. आपलं काम झालं की आपल्या हाताने आणून द्यायची. तिन्ही ग्रिप परत आल्याशिवाय वीज येऊच शकत नाही. चांगली रीत आहे, फक्त माणसं चार आणि ग्रिप तीन.

मी आठवीत होते तेव्हा एकदा चौघेही डीपीवर होते. तिघांच्या खिशात ग्रिप. चौथे शेजारच्या वावरातले काका, ते जेवून लिंबाखाली आडवे झाले होते, म्हणून त्यांना कोणी मोजलं नाही. काम उरकलं, बाकी दोघे परत आले, बाबांना ग्रिप दिल्या. बाबांनी लिंबाकडे बघितलं. काकांच्या चपला आणि दुपट्टा झाडाखाली होता. निजलेत, असं म्हणून बाबांनी ग्रिप लावल्या. काका तर घटकाभर आधीच उठले होते. त्यांनी लांबूनच डीपीकडे बघितलं, ग्रिपचा डबा रिकामा दिसला, लाइन बंद आहे म्हटल्यावर ते आपल्या स्टार्टरची ढिली तार आवळायला गेले. चिखल होता म्हणून चपला तिथेच ठेवल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दिवशी गेली. जीव वाचला हे नशीब.

त्या सकाळी बाबांनी जळालेली तार बदलली. बाकी दोघे आले, ग्रिप दिल्या आणि गेले. काकांची स्कूटर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती, काका दिसत नव्हते. बाबा हाका मारत राहिले. उत्तर नाही. मला घरी जाऊन पुन्हा कोड बघायचं होतं. मी वैतागून म्हटलं, लावा ना ग्रिप, ते असतील निजले कुठे तरी.

बाबा माझ्यावर सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले.

“त्या दिवशी चपला निजल्या होत्या वं. मानूस जागा होता.”

आणि ते काकांना शोधायला निघून गेले, दोन्ही हातांत ग्रिप घेऊन.

मी धुऱ्यावर बसले. काका आधी डीपीकडे बघतात. मग झाडाखालून उठून गेल्याचं कोणाला तरी कळतं. या दोन गोष्टींच्या मध्ये बाबा चपला बघतात. माझा कोअर काय करतो? जागा झाल्यावर आधी उशाशी निरोप आहे का ते बघतो. नाही. मग ‘मी जागा आहे’ अशी पाटी लावतो. या दोन ओळींच्या मध्ये, डोळ्याचं पातं लवायच्याही आत, निरोप धाडणारा बघतो: पाटी अजून झोपेचीच. तो उशाशी निरोप ठेवतो, उत्तराची वाट बघत नाही, आणि पान दुसऱ्याला देऊन टाकतो. कोअर निघून गेलेला असतो, खिशात जुनी चिठ्ठी. आधी पाटी बदलायला हवी होती आणि मग निरोप बघायला हवा होता. दोन ओळी. मी त्या उलट लिहिल्या होत्या.

काका पाण्याच्या पाटाजवळ सापडले होते, बाबांच्या मागे हसत येत होते, तीन बोटांनी विडी धरून. मला त्यांच्या हाताकडे बघवेना.

घरी येईपर्यंतच्या वाटेत माझ्या मनात काय होतं तेही सांगते. गप्प बसावं, हेच होतं. साहेबांनी पट्टी बदलली होती, कोणी विचारणार नव्हतं. दुसरी काही तरी सुधारणा करते असं दाखवून त्या दोन ओळी अदलाबदल केल्या असत्या तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. नोकरी गेली तर आईच्या उपचाराला आधार कोणाचा, असंही मी स्वतःला समजावलं. पण उपचार करायचे की नाही हेच त्या कागदावर ठरलं होतं, आणि तो कागद माझ्यामुळेच खोटा असू शकत होता. मी फोन लावला.

साहेबांना मी त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. मग त्यांनी विचारलं की हे कोड कधीपासून चालू आहे. मी सांगितलं. सगळं लिहून पाठव, काही वगळू नकोस, असं म्हणाले. संध्याकाळपर्यंत माझी सुधारणा सगळीकडून काढून टाकली गेली, आणि लॅबच्या त्या कंपनीला कळवायचं ठरलं. पण कोड मागे घेता येतं. वर्षभरात चुकीच्या घरात शिरून काय काय वाचलं गेलं, ते परत घेता येत नाही.

मी खोलीतून बाहेर आले तेव्हा आई नवी साडी नेसून पेढ्यांचा डबा काखेत घेऊन निघाली होती. गल्लीत वाटायला.

“आई, थांब. वाटू नको अजून.”

“काहून वं?”

मी सगळं सांगितलं. ते अर्धं पान, उजवी बाजू, माझ्या दोन ओळी. आई उंबरठ्यावर कधी कोणाला बसू देत नाही. त्या दिवशी ती स्वतः उंबरठ्यावर बसली. डबा मांडीवर.

“म्हंजे तो चांगला कागद माहा नाही?”

“असंल. नसंल. मले मालूम नाही, आई.”

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त डब्याचं झाकण दाबून नीट बसवलं, आधीच नीट बसलेलं होतं तरी. बाबा ओट्यावरून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, की तुकडा डोळ्याने कोणी बघितला होता. मी म्हटलं लॅबमधल्या डॉक्टरांनी, काचेवर ठेवून, आणि ती काच लॅबमध्ये जपून ठेवतात.

“मंग काच पाहू,” बाबा म्हणाले. “कागद कायले पाहून राह्यलो आपन?”

सोमवारी आम्ही तिघे जीपने मंगरूळपीरला आणि तिथून बसने अकोल्याला गेलो. लॅबमधल्या खिडकीवरच्या मुलीला आमचं म्हणणं कळेचना. रिपोर्ट चांगला आलाय ना, मग पुन्हा कशाला, असं ती तीनदा म्हणाली. वाईट रिपोर्टवर लोक भांडायला येतात, चांगल्यावर कोणी येत नाही. शेवटी आतून डॉक्टरीणबाई आल्या. वयस्क होत्या. मी त्यांना माझं काम सांगितलं आणि माझी चूक सांगितली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्या उठून काच घेऊन आल्या. काचेच्या कडेवर पेन्सिलने हाताने लिहिलेला नंबर होता. आईच्या पावतीवरचाच नंबर. मध्ये कुठली वही नाही, चिठ्ठी नाही.

त्या आत गेल्या आणि आम्ही बाकावर बसलो. मी आजवर पुष्कळ भ्याले आहे, पण ती वेळ पुन्हा नको. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बाबा भिंतीवरची सूचना वाचत होते, उपाशीपोटी येणे, उपाशीपोटी येणे, असं पुटपुटत, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि आईलाच उद्देशून सांगितलं. गाठ साधी आहे. त्यांनी स्वतः बघितली. रिपोर्ट आईचाच होता आणि खरा होता.

बाबा बाकावरून उठून उभे राहिले. मी भिंतीला टेकून रडले, लाज न बाळगता. आईने डॉक्टरीणबाईंना हात जोडले, पण तिचा चेहरा सैल झाला नाही. परतीच्या बसमध्ये बार्शीटाकळी मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली.

“तू पाह्यला तो कागद. उजव्या बाजूचा. तो कोनाचा मंग?”

घरी गेल्यावर बाबांनी पेढ्यांचा डबा काढला. आईने तो त्यांच्या हातातून घेतला आणि परत फळीवर ठेवला. तिचं कळू दे आधी, म्हणाली.

साहेबांनी पुढे मला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. लॅबने त्या दिवसांतले सगळे रिपोर्ट काचांशी ताडून पाहिले. एका बाईचा जुळला नाही. तिला चांगला रिपोर्ट गेला होता. तिचा फोन बंद लागतो. तिच्या डॉक्टरकडेही तोच नंबर आहे. पत्ता अर्धाच लिहिलेला, नुसतं गाव आणि तालुका. त्या पत्त्यावर माणूस पाठवला तर घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले की बाईची तब्येत बरी निघाली, म्हणून नवरा-बायको ऊसतोडीवर गेले. कुठल्या कारखान्यावर, ते कोणाला माहीत नाही.

माझी नोकरी राहिली. पेढ्यांना बुरशी आली तेव्हा आईने ते उकिरड्यात नेऊन पुरले आणि डबा धुऊन पालथा घातला. आता रोज दिवेलागणीला ती माझ्या खोलीच्या दारात येते आणि विचारते, लागला का वं तिचा फोन. मी नाही म्हणते. ती बाई कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असेल, आणि तिच्याजवळ अजून तोच चांगला कागद असेल.